दोन खंजीर, एक टोपी: रोमन चांदीच्या नाण्यांवरची चित्रं

खापरतुकडा

मागे जुन्या नाण्यांच्या एका धाग्यावर अवांतर करता करता गाडी रोमला पोचली होती. तिथे कुणीतरी लिहिलं होतं, "रोमन नाणी काय, इकडे नाकेला राजा आणि तिकडे हातात काहीतरी धरलेली बाई. सगळी सारखीच." उत्तर लिहायला घेतलं ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून वेगळा धागा.

फक्त चांदीबद्दल लिहितोय, त्यातही मुख्यतः दिनारियसबद्दल. हे नाणं पहिल्यांदा पाडलं गेलं इ.स.पू. २११ च्या सुमारास, कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीत ठाण मांडून बसला होता तेव्हा. वजन साधारण साडेचार ग्रॅम, व्यास दोन सेंटिमीटरच्या आतबाहेर. पुढच्या बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, तिच्या मानेमागे दहाचा रोमन आकडा, कारण तेव्हा एका दिनारियसचे दहा 'आस' (कांस्याची नाणी) मिळत. मागच्या बाजूला भाले रोखून घोडे उधळत निघालेले कास्टर आणि पोलक्स हे जुळे देव. खाली 'रोमा' अशी अक्षरं. बराच काळ हाच छाप चालला, आणि तेवढ्यापुरतं 'सगळी सारखीच' हे म्हणणं मान्य.

गंमत सुरू होते ती इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात. टांकसाळीवर तीन तरुण अधिकारी नेमले जात. राजकारणातली ही अगदी खालची पायरी. पण या पोरांच्या लक्षात आलं की आपण पाडलेलं नाणं मुलूखभर फिरणार आहे आणि आपल्याला पुढे निवडणुका लढवायच्या आहेत. मग नाण्यांवर घराण्याच्या बढाया यायला लागल्या. इ.स.पू. १३७ च्या सेक्स्टस पॉम्पेयस फोस्टलसच्या नाण्यावर लांडगीण जुळ्यांना पाजते आहे, मागे अंजिराचं झाड, झाडावर पक्षी, आणि डाव्या कडेला काठीवर भार देऊन उभा असलेला एक मेंढपाळ. रोम्युलस आणि रेमसला ज्याने वाढवलं तो फॉस्ट्युलस म्हणजे आमचा मूळपुरुष, एवढंच त्याला सांगायचं आहे. मेटेलस घराण्याच्या पूर्वजाने पहिल्या प्युनिक युद्धात कार्थेजचे हत्ती पकडले होते, म्हणून त्यांच्या नाण्यांवर हत्ती. ज्यांच्याकडे असला काही पूर्वज नव्हता ते आडनावावर कोटी करायचे. थोरियसच्या नाण्यावर उधळलेला बैल आहे, कारण लॅटिनमध्ये बैल म्हणजे 'टॉरस'. म्यूझा नावाच्या गृहस्थाने तर कलांच्या नऊच्या नऊ म्यूझ देवता वेगवेगळ्या नाण्यांवर पाडल्या.

माझं स्वतःचं सगळ्यांत आवडतं मात्र टायटस कॅरिसियसचं, इ.स.पू. ४६ चं. पुढे मोनेटा देवी, जिच्या देवळाजवळ रोमची टांकसाळ होती. आणि मागे टांकसाळीची हत्यारं: ठसा, सांडशी आणि हातोडा. ज्या हत्यारांनी नाणं पाडलं त्यांचंच चित्र नाण्यावर. कारागिराला ते कोरताना मजा आली असणार.

आता ब्रूटस, ज्युलियस सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एक. इ.स.पू. ५४ मध्ये हा टांकसाळीवर होता. तेव्हाच्या त्याच्या एका नाण्यावर पुढे स्वातंत्र्यदेवता आणि मागे रोमच्या शेवटच्या राजाला हाकलणारा पूर्वज ल्युसियस ब्रूटस, दंडधारी शिपायांच्या मधून चालताना. सीझरच्या खुनाला अजून दहा वर्षं अवकाश होता! मग इ.स.पू. ४४ च्या सुरुवातीला सीझरचा चेहरा नाण्यावर आला. जिवंत रोमन माणसाचा चेहरा रोमच्या टांकसाळीतल्या नाण्यावर येण्याची ही पहिलीच वेळ. चेहरा काही गोंडस नाही. ओढलेले गाल, मानेवर वळ्या, डोक्यावर पानांचा मुकुट, आणि काही नाण्यांवर तर 'तहहयात हुकूमशहा' असा किताब. त्याच मार्चमध्ये त्याला मारलं. दोनेक वर्षांनी सैन्याचे पगार भागवण्यासाठी ब्रूटसने जी नाणी पाडली त्यांत एक असं आहे: मागे दोन खंजीर, त्यांच्या मधे गुलामाला मुक्त करताना घालायची टोपी, आणि खाली 'एइड मार', म्हणजे १५ मार्च. खुनाची हत्यारं, हेतू आणि तारीख, तिन्ही दोन सेंटिमीटरांत. आणि पुढच्या बाजूला कोण? खुद्द ब्रूटस. ज्याचा एवढा राग आला होता तेच यानेही केलं. या नाण्याचा उल्लेख पुढे कॅसियस डिओ या इतिहासकारानेही केला आहे.

पहिला सम्राट ऑगस्टस, त्याच्यापासून घराण्यांच्या बढाया संपतात आणि एकाच घराची जाहिरात सुरू होते. इजिप्त जिंकल्यावर मगर, वर 'इजिप्त काबीज'. इराणकडच्या पार्थियनांनी रोमची निशाणं परत केली तेव्हा गुडघ्यावर बसून निशाण पुढे करणारा पार्थियन. सीझर देव झाला हे सांगायला आठ किरणांचा धूमकेतू.

राहिली ती 'हातात काहीतरी धरलेली बाई'. ते काहीतरी बघायचं असतं! आपण मूर्ती कशी ओळखतो? आयुधांवरून. इथेही तसंच. तराजू असेल तर समन्याय किंवा मोनेटा, सुकाणू आणि फळाफुलांनी भरलेलं शिंग असेल तर फॉर्च्युना, सापाला भरवत असेल तर आरोग्यदेवता सालूस. धान्याचं माप आणि कणसं असली की अन्नपुरवठ्याची देवी अन्नोना. रोमला धान्य बाहेरून यायचं, गलबतं उशिरा आली की दंगे व्हायचे, त्यामुळे अन्नोना नाण्यावर दिसली की सम्राट जनतेला सांगतोय, काळजी नको, कोठारं भरलेली आहेत. सम्राट हेड्रियनच्या शेवटच्या वर्षांतली नाणी तर पर्यटनाची चित्रपुस्तिका आहेत. हिस्पानिया ऑलिव्हची फांदी घेऊन टेकून बसली आहे आणि पायाशी ससा. आफ्रिकेच्या डोक्यावर हत्तीच्या सोंडेचं शिरस्त्राण, हातात विंचू. इजिप्तजवळ खुळखुळ्यासारखं वाद्य आणि समोर शराटी पक्षी.

बाकी प्रतिसादांत बोलू.

कवडीचुंबक | वा!

आयुधांवरून ओळखायचं, हे डोक्यात बसलं. वाचनखूण साठवली आहे.

मोडीवाचक | एक शंका

लेख आवडला, पण मुळातच शंका आहे. ही सगळी चित्रं बघत कोण होतं? अक्षरओळख थोड्यांना, त्यात लॅटिन लघुरूपं म्हणजे आजच्या सरकारी परिपत्रकासारखी. बाजारातला माणूस नाणं हातात घेऊन वजन बघणार, वाजवून बघणार आणि कनवटीला लावणार. आपण खिशातल्या नाण्यावर काय आहे ते बघतो का? मला वाटतं हे टांकसाळीतले लोक एकमेकांसाठी आणि सम्राटाला खूश करण्यासाठी करत होते. काही इतिहासकारांनीही हीच शंका काढली आहे.

खापरतुकडा | @मोडीवाचक

शंका रास्त आहे, पण पुरावा बऱ्यापैकी विरुद्ध जातो.

बायबलमधला प्रसंग प्रसिद्ध आहे. कर द्यावा की नाही असं विचारल्यावर येशू दिनारियस मागवतो आणि विचारतो, यावर चित्र कुणाचं आणि लेख कुणाचा? समोरचे लगेच सांगतात, सीझरचा, म्हणजे सम्राटाचा. दुसरं, एपिक्टेटस. हा तत्त्वज्ञ, मूळचा गुलाम. माणसाची पारख कशी करावी हे सांगताना तो नाण्याचा दाखला देतो: छाप कुणाचा? ट्रेजनचा? घे. नीरोचा? फेकून दे, खोटं आहे. हा दाखला ऐकणाऱ्याला कळायला हवा तर लोक छाप बघत असले पाहिजेत. आणि तिसरं सर्वांत मजेशीर. रोमन चरित्रकार स्यूटोनियस लिहितो की टायबेरियसच्या राजवटीत ऑगस्टसचं चित्र असलेलं नाणं किंवा अंगठी घेऊन शौचकुपात किंवा वेश्यागृहात जाणं हासुद्धा राजद्रोह धरला जात होता.

मोडीवाचक | पण

तिन्ही दाखले पुढच्या बाजूचे झाले. चेहरा कोण बघत नाही? माझा प्रश्न मागच्या बाजूच्या बायका, ससे आणि मगरींचा आहे.

शंभरनंबरी | मागच्या बाजूचा दाखला

मोडीवाचक, हा घ्या. रोमन इतिहासकार टॅसिटस इ.स. ९८ मध्ये जर्मन टोळ्यांबद्दल लिहितो की त्यांना जुनी, ओळखीची नाणी लागतात: दातेरी काठाची आणि दोन घोड्यांच्या रथाची. रथ मागच्या बाजूलाच असतो. म्हणजे लॅटिनचं अक्षर न कळणारा सीमेपलीकडचा माणूस मागचं चित्र बघून नाणं निवडत होता. अर्थात त्याला रथातल्या देवतेशी देणंघेणं नव्हतं. रथ म्हणजे जुनी चांदी, कस चांगला, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणखी एक. इ.स.पू. ९० च्या सुमारास इटलीतली मित्रराज्यं रोमविरुद्ध उठली तेव्हा त्यांनी स्वतःचे दिनारियस पाडले. वजन, आकार सगळं रोमचं, पण रोमाच्या जागी इटालिया, आणि एका नाण्यावर इटलीचा बैल रोमच्या लांडगिणीला शिंगांनी लोळवतोय. मागचं चित्र कुणी बघतच नसतं तर बंडखोरांनी युद्धाच्या धामधुमीत नवा ठसा कोरायची तसदी कशाला घेतली असती?

घरची सराफी पेढी असल्यामुळे माझं लक्ष मात्र आधी कसाकडे जातं. ऑगस्टसच्या वेळी एका रोमन पौंडात ८४ नाणी बसत, चांदी जवळजवळ शुद्ध. इ.स. ६४ मध्ये नीरोने ९६ बसवली आणि वर तांबंही मिसळलं. पुढे कस कधी थोडा वर गेला, बहुतेक वेळा खालीच. सेप्टिमियस सेव्हेरसपर्यंत निम्मी चांदी उरली होती, कारण फौजेचे पगार वाढवले होते. कॅराकलाने इ.स. २१५ मध्ये नवंच नाणं काढलं, सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांचा मुकुट, किंमत दोन दिनारियसची आणि चांदी दीडाची. त्याच नाण्यात इ.स. २६० नंतर पाच टक्केसुद्धा चांदी राहिली नाही, तांब्याला नुसता मुलामा. चित्रं मात्र अगदी शेवटपर्यंत चालूच. कस जितका उतरत गेला तितकी 'विपुलता' आणि 'सम्राटाची दूरदृष्टी' जोरात!

फसवणूक तर आधीपासून होतीच. तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पातळ पत्रा चढवलेली नाणी खूप सापडतात, झीज झाली की कडेला तांबं डोकावतं. सराफ बारीक ठशाने टोचून बघायचे, म्हणून प्रजासत्ताकाच्या काळातल्या नाण्यांच्या गालावर चंद्रकोरी, ठिपके, असल्या खुणा दिसतात. दातेरी काठ आतली चांदी दिसावी म्हणून केले असं म्हणतात, पण मुलाम्याची दातेरी नाणीही सापडली आहेत, तेव्हा तो उपाय काही लागू पडला नाही.

कवडीचुंबक | अँटनी

क्लिओपात्रावाल्या अँटनीची नाणी स्वस्त मिळतात असं ऐकलंय. का?

शंभरनंबरी | @कवडीचुंबक

कारण ती उदंड पाडली आणि कुणी वितळवली नाहीत. इ.स.पू. ३२-३१ ला, ऑक्टेव्हियनशी (पुढचा ऑगस्टस) शेवटच्या लढाईच्या तोंडावर, त्याने फौजेसाठी ती काढली. पुढे वल्ह्यांचं गलबत, मागे पलटणीचा गरुड आणि दोन्ही बाजूंना निशाणं, खाली पलटणीचा क्रमांक. चांदी हिणकस होती. चांगली नाणी लोकांनी दडवली, ही खर्चत राहिले, म्हणून दोनशे वर्षं चलनात होती. आज मिळणारी बहुतेक नाणी इतकी गुळगुळीत असतात की गलबताची नुसती रेघ उरलेली असते.

गोदातीर | आपल्याकडचं काय?

धाग्यात भारत अजून आला नाही म्हणून लिहितो.

दक्षिणेत रोमन चांदी ढिगाने सापडते. कोइमतूरचा परिसर, तसंच तेलंगणात नलगोंडा जिल्ह्यातलं अक्कनपल्ले, जिथे एकाच साठ्यात दीड हजारांवर दिनारियस निघाले. आणि त्यांत चित्रांची विविधता जवळजवळ नाहीच! दोनच छाप पुन्हा पुन्हा. एक ऑगस्टसचा: मागे त्याने मुलगे म्हणून दत्तक घेतलेले नातू गायस आणि ल्युसियस ढाली-भाले घेऊन उभे. दुसरा टायबेरियसचा: मागे राजदंड आणि फांदी घेऊन बसलेली स्त्री, बहुतेकांच्या मते त्याची आई लिव्हिया. येशूने मागवलेलं नाणं हेच, असं परंपरेने मानतात. टायबेरियसने इ.स. १४ ते ३७ या सगळ्या राजवटीत हा छाप फारसा बदलला नाही. एकाच चेहऱ्याचं, भरवशाच्या कसाचं नाणं इथल्या व्यापाऱ्याला सोयीचं पडत असणार. नीरोने कस उतरवल्यानंतरची चांदी भारतात क्वचितच दिसते, सोनं मात्र येत राहतं. शंभरनंबरींचे जर्मन आणि आपले मिरीवाले यांची पारख एकच.

महाराष्ट्रात मात्र रोमन चांदीची नाणी फार थोडी. हे कोडं आहे, कारण व्यापार तर इथूनही जोरात होता. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचला सोन्याचांदीचे दिनारियस येतात आणि स्थानिक नाण्यांशी बदलताना नफा होतो असं स्पष्ट लिहिलंय. पैठण, तगर म्हणजे तेर, कल्याण, चौल ही सगळी नावं त्यात आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती मिळाली. मग चांदी गेली कुठे? अभ्यासकांचा कयास असा की इथल्या क्षत्रपांनी आणि सातवाहनांनी ती वितळवून आपली नाणी पाडली.

क्षत्रप राजा नहपानाचं चांदीचं नाणं हातात घेतलंत तर पटेल. पुढच्या बाजूला उजवीकडे बघणारा चेहरा, आणि भोवती ग्रीक लिपी, पण मजकूर ग्रीक नाही. 'राजा क्षहरात नहपान' हेच ग्रीक अक्षरांत लिहिलंय. मागे बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठी. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी इथे अशी तेरा हजारांवर नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःची छाप मारली आहे. काही नाण्यांवर चैत्याच्या कमानींखालून नहपानाचं नाक अजून डोकावतं.

मोडीवाचक | हे भारी आहे

यावर बोला ना अजून. गौतमीपुत्राने वितळवली का नाहीत?

गोदातीर | @मोडीवाचक

वितळवून पुन्हा पाडायला वेळ आणि खर्च. नुसता ठसा मारला की काम झालं, आणि ज्याच्या हातात पडेल त्याला कळतं की नहपान संपला. तुमच्या 'कोण बघतं' या प्रश्नाला हे आपल्या मातीतलं उत्तर समजा. ब्रूटसच्या खंजिरांइतकंच रोखठोक.

आणि तेरला रोमन नाण्यांच्या नकलेची मातीची पदकं मिळाली आहेत, दोरा ओवता येईल अशी. म्हणजे खरी चांदी परवडत नसलेलं कुणीतरी सम्राटाचा चेहरा गळ्यात मिरवत होतं.

मोडीवाचक | बरं

पदकं म्हणजे दागिना, त्याला राजकीय अर्थ नाही. पण बघत होते, एवढं मान्य करतो. समजत होतं का, हा वाद राखून ठेवतो.

टेम्सपार | नाणं ओळखून द्या

इंग्लंडमध्ये राहते. इथे एका जत्रेतल्या दुकानदाराकडून एक चांदीचं नाणं पावतीसकट घेतलं, फार महाग नव्हतं. पुढे कोवळ्या चेहऱ्याचा मुलगा, पानांचा मुकुट, अक्षरांत 'अलेक्झांडर' वाचता येतं. मागे चालत निघालेली बाई, उजव्या हातात फूल, डाव्या हाताने वस्त्राचा घोळ किंचित उचललेला. घरी सगळे म्हणतायत सिकंदर आहे. तीनेक ग्रॅम भरतं.

खापरतुकडा | @टेम्सपार

सिकंदर नाही, ताई. हा सेव्हेरस अलेक्झांडर, रोमचा सम्राट, इ.स. २२२ ते २३५. गादीवर आला तेव्हा जेमतेम तेरा-चौदा वर्षांचा, कारभार आजी आणि आई बघायच्या. मागची बाई म्हणजे स्पेस, आशा. फूल आणि उचललेला घोळ ही तिची ठरलेली खूण. कडेने 'स्पेस पुब्लिका' असं वाचता येतंय का बघा, म्हणजे जनतेची आशा.

टेम्सपार | हो!

'पुब्लि' इतकं स्पष्ट आहे, पुढचं झिजलंय. खरं असेल ना पण?

शंभरनंबरी | खरं-खोटं

फोटोवरून छातीठोक कुणी सांगू नये, मीही सांगत नाही. काठ बघा. ओतून केलेल्या नकलेला काठावर सांध्याची रेघ असते किंवा घासून काढल्याच्या खुणा. भिंगाखाली पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसले तर ओतीव. ठोकून पाडलेल्या नाण्याचा काठ वेडावाकडा, कधी चिरलेला असतो, आणि चित्र सहसा मध्यावर बसत नाही. तुमच्या फोटोत बाईची पावलं कडेबाहेर गेली आहेत, ते चांगलं लक्षण. वजन या काळाला शोभेल असंच आहे. चांदी निम्म्याहून कमी असणार, त्यामुळे थोडं काळपट दिसलं तर घासूनपुसून चमकवू नका. पावती जपा.

भारतातल्या वाचकांसाठी: शेतात किंवा पाया खणताना जुनं नाणं निघालं तर ते परस्पर विकता येत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या मोलाचं जमिनीत दडलेलं काहीही सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो. ब्रूटसच्या सोन्याच्या नाण्याचं उदाहरण ताजं आहे. २०२० मध्ये लिलावात विक्रमी किंमत आली, पण मालकीचा इतिहास बनावट निघाला आणि २०२३ मध्ये नाणं ग्रीसला परत गेलं.

कवडीचुंबक | त्या पोराचं पुढे काय झालं?

जनतेची आशा म्हणून नाणी पाडली, मग?

खापरतुकडा | @कवडीचुंबक

इ.स. २३५ मध्ये ऱ्हाइनच्या सीमेवर त्याच्याच सैनिकांनी त्याला आणि आईला मारलं. लढण्याऐवजी जर्मनांना पैसे देऊन शांत करायला निघाला म्हणून. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं सम्राटांची नुसती रांग लागली, आणि शंभरनंबरींनी लिहिलेली मुलाम्याची नाणी त्याच धामधुमीतली. त्या नाण्यांवर सैन्याची निष्ठा दाखवणारी फिदेस देवी दोन्ही हातांत एकेक निशाण घेऊन उभी असते. तिच्याबद्दल आणि सम्राट गॅलियेनसच्या प्राण्यांच्या नाण्यांबद्दल वेगळा धागा काढतो, इथे प्रतिसाद फार लांबतील.

कवडीचुंबक

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.